आनंद देत नसेल तर टाका म्हणे!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, त्यात आंब्याचा हंगाम, आणि त्यात भर म्हणजे गावच्या घराचं छप्पर. पाऊस यायच्या आत कौलं उतरवून वासे बदलायचे, म्हणजे त्याच्या आधी माळा रिकामा करायला हवा. चाळीस-पन्नास वर्षांचं साठलेलं. तेव्हा मे महिन्यातले बारा दिवस मी रत्नागिरी सोडून पावसच्या बाजूला आमच्या घरी मुक्काम ठोकून होते. धूळ, पाली, उंदरांच्या लेंड्या आणि मी. :)

चिरंजीव पुण्याहून फोनवर सूचना देत होते. सूनबाईंनी एक व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक जपानी बाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारतात, हिच्यामुळे मनात आनंद उमलतो का? उमलत असेल तर ठेवा, नसेल तर तिचे आभार माना आणि टाकून द्या. ह्या मारी कोंडोबाईंचं पुस्तक इंग्रजीत २०१४ मध्ये आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि तेव्हापासून आपल्याकडेही घरोघर कपाटं उपसायची साथ आलीय. (बाईंना तिसरं मूल झाल्यावर २०२३ मध्ये त्यांनीच कबूल केलं की हल्ली घर आवरण्याचं पूर्वीइतकं जमत नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं. माणसात आल्या म्हणायच्या!)

आता माझं म्हणणं स्पष्टच सांगते. आवराआवरीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या प्रश्नाला. "मला आनंद होतो का?" हा वस्तूला विचारायचा प्रश्नच नव्हे. आमच्या जमिनीचा सातबारा मला काडीचा आनंद देत नाही. उलट बघितला की डोकं दुखतं. टाकू का? विजेची जुनी बिलं, ह्यांच्या आजारपणाच्या फायली, माझ्या पेन्शनचे कागद... यातलं काय उमलवायचं मनात? कागदांबाबत तर बाईंचा नियम अगदी सरळ आहे, मुळात सगळेच टाका. मग ज्यांची अगदीच गरज आहे तेवढे बाजूला काढा. आणि "वर्षभरात वापरलं नाही ते टाका" हा दुसरा मंत्र. तो कोंडोबाईंचा नसावा, पण हल्ली कुणीही कुणालाही ऐकवतं. अहो, जन्माचा दाखला वर्षातून कितीदा वापरतो आपण?

थांबा. "म्हातारीला काही टाकवत नाही" असं म्हणायच्या आधी ऐका. मी काय काय टाकलं त्याची यादी देते. श्रीखंडाचे रिकामे डबे, मोजले नाहीत, पण एक पोतं भरलं. लग्नामुंजीत आलेली आणि पुढच्या लग्नामुंजीत द्यायला ठेवलेली स्टीलची भांडी. तीन बंद मिक्सर. चौदा छत्र्या, त्यातली एकही उघडत नव्हती. कसल्या कसल्या वायरी. हे सगळं मी दोन दिवसांत हसत हसत घालवलं, आभार न मानता. कारण घरातल्या पसाऱ्याचा भार कुणावर पडतो ते मला माहीत आहे. ज्याच्या हातात फडकं, त्यालाच विचारावं. "राहू दे गं, असू दे" म्हणणारे पुरुष ओटीवर बसलेले असतात. आणि पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी आजीची परात कुठे ठेवायची, हेही मला कळतं. तेव्हा तो वाद नाही.

वाद पुढे आहे.

चौथ्या दिवशी माळ्याच्या पार कोपऱ्यात सासूबाईंची लाकडी पेटी सापडली. कुलूप लावलेलं, किल्ली कुठे गेली कुणाला ठाऊक. सासूबाई १९९१ साली गेल्या. २००३ मध्ये आम्ही एकदा माळा साफ केला होता तेव्हाही ही पेटी जड म्हणून आणि कुलूप म्हणून तशीच राहिली होती. (२००३ ची ती सफाई लक्षात ठेवा. तिच्याकडे यायचं आहे मला.) सुताराच्या पोराने कोयंडा उचकटून दिला.

आत एक नऊवारी, कसरीने चाळण केलेली. देवाचा एक टाक. सुकून दगड झालेलं एक हळकुंड. जुन्या रेशनकार्डाचा तुकडा. आणि एका जाड तारेत ओवलेली मनीऑर्डरची कुपनं.

तरुण वाचकांसाठी सांगायला हवं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा. पैसे पाठवणाऱ्याने त्यावर दोन ओळी मजकूर लिहायचा. पोस्टमन घरी येऊन रोख पैसे मोजून द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि तो तुकडा फाडून आपल्या हातात ठेवायचा. टपालखात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली आणि २०१५ मध्ये त्या जुन्या कागदी पद्धतीला निरोप दिला. अख्खं कोकण या तुकड्यांवर जगलं. घरातला एक तरी पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या दुकानात, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला गावातली प्रत्येक बाई पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. "मनीऑर्डरची अर्थव्यवस्था" असा शब्द पुढे पुस्तकांत वाचला तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे त्याला "पोस्टमन इलो काय?" म्हणत.

ही कुपनं माझ्या धाकट्या दिरांची होती. भाऊजी १९६९ मध्ये मुंबईला गेले, गिरणीत लागले. आधी लालबागला गावकीच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, रात्रपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीवाला. लग्न झाल्यावर भाड्याची एक खोली. दोन मुली झाल्या. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. तो नुसता विरत गेला. भाऊजी त्या वर्षाच्या शेवटी बायको-मुलींना घेऊन गावी परतले. कंबर मोडलेला माणूस. पुढे लोकांच्या बागा राखल्या, काजू गोळा केले. १९९६ मध्ये गेले.

आता घरातली गोष्ट सांगते, नातेवाईक मंडळी वाचत असतील तरी सांगते. १९८५ मध्ये वाटणी झाली. तेव्हा ओटीवर बसून एकच वाक्य सगळे म्हणत होते, "त्याने मुंबईत राहून घराला काय दिलं? दमडी तरी पाठवली?" आम्ही दोघं तेव्हा नोकरीनिमित्त रत्नागिरीत बिऱ्हाड करून होतो. पण सणावाराला खर्च आम्ही केला होता, विहिरीचा उपसा आम्ही केला होता, हे खरं होतं. मग भाऊजींच्या वाट्याला मागची पडवी आणि वरच्या सड्यावरची काजूची झाडं आली. हापूसची कलमं आमच्याकडे आली. भाऊजी काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ "बोलायला तोंड नाही" असा लावला. शाळेत जसं गप्प मुलाला अभ्यास आला नाही असं धरायची, तसं.

तारेत एकशे त्रेचाळीस कुपनं होती. १९६९ च्या जूनपासून १९८१ च्या डिसेंबरपर्यंत. म्हणजे सगळे मिळून एकशे एक्कावन्न महिने, त्यातले फक्त आठ चुकले. सुरुवातीला पंचवीस रुपये, मग चाळीस, साठ, शेवटी पंचाहत्तर. लग्न झाल्यावरसुद्धा आकडा कमी नाही. मुली झाल्यावरसुद्धा नाही. मी ओसरीत चटई टाकून त्यांची बेरीज केली, गणित माझा विषय नव्हे म्हणून दोनदा केली. सात हजारांच्या वर रक्कम होते. आज सात हजार म्हणजे काहीच नाही, पण तेव्हाचे सात हजार, पंचवीस-पंचवीस करून.

आणि तारेच्या टोकाला आणखी तीन. मार्च १९८२, वीस रुपये. ऑगस्ट, पंधरा रुपये. दिवाळीच्या आधीचं, दहा रुपये. गिरणी बंद, घरात दोन लहान मुली, आणि दहा रुपये. त्या कुपनावर पेन्सिलीने लिहिलंय, "आईस सा. न. यंदा इतकेच. दादाला सांगू नये."

दादा म्हणजे आमचे हे.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पोस्टमनने वाचून दाखवलं असेल तेवढंच. तरी त्यांनी एकेक कुपन तारेत ओवून ठेवलं, तारखेच्या क्रमाने. ज्या दिवशी ओटीवर तो हिशेब चालला होता त्या दिवशी त्या माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला सूप आठवतं, त्यांची पाठमोरी आकृती आठवते. त्या का बोलल्या नाहीत? मुलाने सांगू नये म्हटलं म्हणून? की पुरुषांच्या बोलण्यात बायकांनी पडायचं नसतं म्हणून? आता कोण सांगणार. त्यांना कुणी विचारलंच नाही एवढं मात्र नक्की. मी तेव्हा शिकलेली, बी.ए. मराठी, शाळेत मुलांना "साक्षीपुरावा" शब्दाचा अर्थ सांगणारी. मीही विचारलं नाही.

तर मला सांगा, या कुपनांनी मला आनंद झाला का? मुळीच नाही. दोन रात्री झोप नाही लागली. कोंडोबाईंच्या हिशेबाने ही तार पहिल्या दिवशी कचऱ्यात जायला हवी.

आता २००३ ची सफाई.

त्या वर्षी मुलाचं लग्न ठरत होतं, पाहुणे गावच्या घरी येणार होते. माळ्यावर भाऊजींची पत्र्याची ट्रंक होती. ते जाऊन सात वर्षं झाली होती, जाऊबाई मुलींना घेऊन माहेरी राजापूरकडे गेल्या होत्या. ट्रंक गंजलेली. मी उघडली होती. आत खाकी कापड, एक पितळी बिल्ला, कार्डं, पिवळे कागद, रबरात बांधलेलं काहीतरी पासबुकासारखं. मी नीट पाहिलंसुद्धा नाही. भंगारवाला दारात होता. ट्रंकेसकट साठ रुपये दिले त्याने. मला चांगलं आठवतं, कारण त्या साठ रुपयांची मी फुलं आणली.

मग गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं देण्याचं सरकारने ठरवलं. म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्या कोकणात अर्ज भरायची धांदल होती. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता त्याला, नाहीतर त्याच्या वारसांना, अर्ज करता येत होता. पण पुरावा हवा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, असं काहीतरी. लोकांनी तीस-तीस वर्षांपूर्वीच्या ट्रंका उपसल्या. ज्यांच्या घरात "काही टाकवत नाही" अशी एखादी म्हातारी होती, त्यांचे कागद निघाले.

थोरल्या पुतणीचा फोन आला. "काकू, बाबांची ट्रंक माळ्यावर होती ना? त्यात बिल्ला होता बघ."

मी म्हटलं, "अगं, वाळवीने खाल्ली."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत होतं, ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. कोकणात वाळवीवर ढकललं की कुणी पुढे विचारत नाही. वाळवी खरंच सगळं खाते, वासे खाते, पोथ्या खाते, देवाचा पाट खाते. पण पितळी बिल्ला वाळवी खात नाही, हे पुतणीच्या लक्षात आलं नसेल असं नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं काकू." तिने फंडाच्या कचेरीत खेटे घातले, गिरणीच्या नावाने विचारपूस केली, हाती काही लागलं नाही. कागद असते तर घर मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. लाखावर अर्ज आणि घरं काही हजार, कित्येक कामगार वाट बघत गेले. पण तिला रांगेत तरी उभं राहता आलं असतं. ती रांग मी साठ रुपयांना विकली.

म्हणून त्या आनंदाच्या प्रश्नाचा मला राग आहे. तो विचारणारा माणूस धरून चालतो की घरातली वस्तू आपली आहे, आपल्यासाठी आहे आणि तिचं काम संपलं की नाही हे आपल्यालाच कळतं. भाऊजींचा बिल्ला माझा नव्हता. सासूबाईंची तारही माझी नाही. माझ्या माळ्यावर होती, एवढंच.

तुम्ही म्हणाल, बाई फारच पुढे गेल्या, घरगुती कागदांचं एवढं काय? तर आपल्याच कोकणातली एक गोष्ट. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवून कर्ज फेडावं म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले आणि नेमके बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पंचवीसएक वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहून काढलं. ते बाड कितीतरी वर्षं नुसतं पडून होतं. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ मध्ये पुष्कळ फेरफार करून छापलं, आणि मुळाबरहुकूम पुस्तक यायला १९६६ उजाडलं, ते दत्तो वामन पोतदारांनी काढलं. आज "माझा प्रवास" शिवाय सत्तावन्नचं मराठीत पान हलत नाही. एका गरीब भटजीच्या घरचे जुने कागद! वर्षभर वापरले नाहीत म्हणून कुणी टाकले असते तर?

आणि दिनकर केळकर. पुण्याच्या त्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या अडगळीतून दिवे, अडकित्ते, फण्या, दौती गोळा केल्या. लोक हसत असतील. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि सरकारला देऊन टाकला, राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून. तिथे शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा एक मुलगी एका दिव्यापाशी थांबून म्हणाली, "बाई, असा आमच्याकडे होता, मोडीत दिला." मोडीत म्हणजे वजनावर. आता त्याच मोडीतल्या वस्तू किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत भिंतीला टांगलेल्या असतात. बंबात झाड लावलेलं, जात्यावर काच ठेवून टेबल केलेलं. आमच्या चिरंजीवांच्याही मनात घराचा होमस्टे करायचं आहे आणि त्यासाठी "आई, जुनं काही अँटिक असेल तर ठेव हं" अशी सूचना आहे. म्हणजे कागद टाका आणि कंदील ठेवा! कारण कंदील दिसतो बरा आणि तो काही विचारत नाही.

"स्कॅन कर आणि टाक" असाही एक सल्ला मिळाला. ब्लॉगवाल्या मंडळींना मी काय सांगू? तुमच्यातल्या किती जणांचं ऑर्कुटवरचं लिहिणं आज हाती आहे? २०१४ मध्ये ते दुकान बंद झालं. चिरंजीवांच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी माझ्याकडे आहेत, त्या लावायला घरात यंत्र नाही. कुपन वाचायला मात्र चष्मा पुरला. स्कॅन करायला हरकत नाही, मी करूनही घेतलंय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. पण "आणि टाक" का?

ओझं टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. माझी मावसबहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिच्या घरात छातीच्या वर आलं. सगळं एका दिवसात "आवरलं" गेलं, तिला काही विचारावं लागलं नाही. मी दहा दिवसांनी गेले तेव्हा ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर फोटो चिमट्याने लावत होती. त्यातल्या बऱ्याच फोटोंवर आता चेहरे नव्हते, नुसते रंग. तरी लावत होती. त्याच पुरात तिथलं १८६४ पासूनचं वाचनालय, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तेही बुडालं, २००५ नंतर दुसऱ्यांदा. हलकं वाटण्याची भाषा चिपळूणला जाऊन करून बघा.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवते, नाहीतर माझ्या वयाची मंडळी टाळ्या वाजवायला लागतील. आपल्यातले बरेच जण जुनी वस्तू सापडली की डोळे टिपतात आणि सुरू होतात, "गेले ते दिवस, तेव्हा माणसं किती प्रेमाने राहायची, एका मनीऑर्डरीवर घर चालायचं..." अहो, चालायचं कसं ते कुपनावर लिहिलंय ना! "आईस औषध घ्यावे." "शेणीला पैसे कमी पडल्यास पुढील महिन्यात पाठवतो." एका खोलीत वीस माणसं झोपत. एका भावाने दुसऱ्याला वाटणीत मागची पडवी दिली, ती याच प्रेमळ काळात. पेटीच्या खालच्या ट्रंकेत माझी १९७८ ची वर्गाची वही सापडली. पाचवीच्या वर्गात तेवीस मुली. पुढच्या वह्यांतून त्याच नावांपुढे माझ्याच अक्षरात शेरे आहेत, "शाळा सोडली", "शाळा सोडली", "लग्न". दहावीला त्यांतल्या सहा पोचल्या. आज आमच्या गावात एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी बस भरलेली असते. तेव्हा माझ्यासमोर कुणी "आमच्या वेळी" सुरू केलं तर मी ती वही पुढे करणार आहे. चांगल्या काळाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना जुन्या वस्तू आवडतात, पण जुने कागद वाचायला ते फारसे तयार नसतात. टाकणारे आणि कवटाळणारे यांच्यात मला त्यामुळे फार फरक दिसत नाही. दोघंही वाचत नाहीत.

हल्ली माझ्या फोनवर मुलाचे पैसे येतात. टिंग वाजतं, आकडा दिसतो. मला त्याची तक्रार नाही, पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. फक्त मी त्याला सांगितलंय की खाली मजकुराची जागा असते तिथे दोन शब्द लिहीत जा. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं, "सिमेंट." असो. तेही पुढे कुणाच्या कामी येईल.

आता हे शेवटचं, माझ्या दोन्ही पुतण्यांसाठी. तुम्ही ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे, थोरली कधीमधी प्रतिक्रियाही देते. ट्रंक वाळवीने खाल्ली नव्हती. मी भंगारात दिली होती. फोनवर सांगायला हवं होतं, पण चौदा वर्षं जिभेवर आलं नाही ते फोनवर आलं नसतं. तुमच्या बाबांची कुपनं मी रत्नागिरीला आणलीयत. कडुलिंबाचा पाला घालून, माझ्या कपाटात मधल्या कप्प्यात, तारेसकट ठेवलीयत. ती तुमची आहेत, गणपतीला याल तेव्हा घेऊन जा. आणि त्या ओटीवरच्या हिशेबात जे चुकलं त्याबद्दल तुमच्याशी बसून बोलायचं आहे. कलमं कुणाच्या नावावर आहेत ते सातबाऱ्यावर आहे, मी तलाठ्याकडे जाऊन नवा उतारा काढलाय. घरावर नवे वासे चढायच्या आत ते बोलणं झालेलं बरं.

चिरंजीवांना हे सगळं परवा व्हॉट्सअॅपवर कळवलं, कुपनांचे फोटो जोडून. दोन निळ्या टिका दिसताहेत. अजून उत्तर नाही.